डोळ्याच्या लेन्समध्ये बुडबुडा : फोकस्ड अल्ट्रासाऊंड मोतीबिंदू घालवतं की आणतं?

रील्स स्क्रोल करताना दोन प्रकारच्या जाहिराती हल्ली सारख्या दिसतात. पहिली, ‘चिरफाड नको, टाके नको, आवाजाच्या लहरींनी मोतीबिंदू गायब’. दुसरी, ‘हायफू फेशियल, एका सिटिंगमध्ये लोंबलेल्या पापण्या टाइट’. पहिली जाहिरात आपण आजी-आजोबांना फॉरवर्ड करतो. दुसरी आपण स्वतःसाठी सेव्ह करून ठेवतो.

दोन्हींच्या मागे तंत्रज्ञान एकच आहे : अल्ट्रासाऊंड एका ठिपक्यावर गोळा करायचं आणि तिथली पेशीजाल उष्णतेने किंवा बुडबुड्यांनी मोडायची. हा ठिपका डोळ्याच्या लेन्सवर पडला तर नेमकं काय होतं, डॉक्टर ते मुद्दाम का करत नाहीत आणि सलूनमध्ये ते चुकून कसं होऊ शकतं, हे या लेखात सोप्या भाषेत बघू.

थोडक्यात उत्तर

- फोकस्ड अल्ट्रासाऊंडने बाहेरून मोतीबिंदू काढण्याचा उपचार आज दवाखान्यात उपलब्ध नाही.
- लेन्स फोडता येते. फोडलेला माल बाहेर काढायला शरीराकडे तिथे वाट नाही, ही खरी अडचण आहे.
- निरोगी लेन्सवर असा ठिपका पडला तर मोतीबिंदू तयार होऊ शकतो. पापणीवरच्या हायफूनंतर असं झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेली आहेत.

आधी लेन्स समजून घेऊ

बुबुळाच्या रंगीत पडद्यामागे, बाहुलीच्या बरोबर पाठीमागे लेन्स असते. मराठीत तिला नेत्रभिंग म्हणतात. व्यास साधारण ९ ते १० मिलिमीटर, जाडी साधारण ४ मिलिमीटर. म्हणजे एखाद्या मोठ्या साबुदाण्याला वरून-खालून किंचित दाबलं तर जसा आकार होईल तसा. आत दोन-तृतीयांश पाणी आणि एक-तृतीयांश प्रोटीन. हे प्रोटीन इतकं व्यवस्थित रचलेलं असतं की प्रकाश आरपार जातो.

या लेन्सच्या चार गोष्टी लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यांवरच उभं आहे.

१. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत. रक्तवाहिनी प्रकाश अडवेल, म्हणून निसर्गाने ती ठेवलीच नाही.

२. तिच्यात नसा नाहीत. लेन्सला इजा झाली तर लेन्स दुखत नाही. सॉफ्टवेअरच्या भाषेत, इथे एरर लॉगच नाही.

३. ती एका पारदर्शक पिशवीत बंद असते. या पिशवीला कॅप्सूल म्हणतात. मागच्या बाजूला मध्यभागी ही कॅप्सूल साधारण ४ मायक्रॉन जाड असते, म्हणजे आपल्या केसाच्या दहाव्या भागापेक्षाही पातळ.

४. तिच्यातले जुने तंतू बदलले जात नाहीत. नवे थर बाहेरून चढतात आणि जुने आत दाबले जातात. जन्मापूर्वी तयार झालेलं प्रोटीन म्हातारपणीही लेन्सच्या मध्यभागी तसंच असतं.

हे प्रोटीन वयाबरोबर, मधुमेहाने, मार लागल्याने किंवा जास्त उष्णतेने बिघडलं की गुठळ्या होतात आणि लेन्स धुरकट होते. हाच मोतीबिंदू. अंड्याचा पारदर्शक बलक उकडल्यावर पांढरा होतो आणि परत पारदर्शक होत नाही, तसंच काहीसं इथे घडतं.

कॅव्हिटेशन म्हणजे काय?

एक छोटा प्रयोग. सुई नसलेल्या सिरिंजमध्ये थोडं पाणी घ्या, पुढचं तोंड बोटाने घट्ट बंद करा आणि दट्ट्या जोरात मागे ओढा. पाण्यात बुडबुडे दिसतील. तुम्ही पाणी तापवलेलं नाही, फक्त दाब कमी केलात. लेहसारख्या उंच ठिकाणी हवेचा दाब कमी असल्याने पाणी ९० अंशांच्या आतच उकळतं, त्यातलाच हा प्रकार. दाब पुरेसा खाली गेला की द्रव आतून फाटतो आणि पोकळी तयार होते.

आवाज म्हणजे दाबाचा चढ-उतार. लाट पुढे जाताना द्रव एकदा दाबला जातो, एकदा ताणला जातो. लाट जोरदार असेल तर ताणाच्या क्षणी बुडबुडा जन्मतो आणि दाबाच्या क्षणी चिरडला जातो. या जन्म-मरणाच्या खेळाला कॅव्हिटेशन म्हणतात.

बुडबुडा कोसळतो तेव्हा आतली वाफ आणि वायू एका सूक्ष्म बिंदूत दाबले जातात. तिथे क्षणभर काही हजार अंश तापमान होऊ शकतं. कडक पृष्ठभागाजवळ बुडबुडा कोसळला तर पाण्याची बारीक पिचकारी त्या पृष्ठभागावर आदळते. जहाजांच्या पंख्यांची धातूची पाती याच कारणाने खड्डे पडून खराब होतात. अशा बुडबुड्याच्या कोसळण्याचं गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडलं.

तुम्ही हे रोजच्या आयुष्यातही पाहिलंय. चष्म्याच्या दुकानात चष्मा साफ करायचं छोटं टब असतं. त्यात साधारण ४० किलोहर्ट्झचा आवाज पाण्यात सोडतात आणि कॅव्हिटेशनचे बुडबुडे फ्रेमच्या सांध्यातला मळ खरवडून काढतात.

म्हणजे बुडबुडा ताकदवान आहे, यात शंका नाही. प्रश्न आहे तो कुठे करायचा आणि कुठे थांबवायचा.

आवाज एका ठिपक्यावर कसा आणतात?

लहानपणी भिंगाने कागद जाळलाय? सूर्यप्रकाश सगळीकडे सारखाच असतो, भिंग तो एका ठिपक्यावर आणतं. फोकस्ड अल्ट्रासाऊंडमध्ये वाटीसारखा खोलगट ट्रान्सड्यूसर वापरतात. वीज दिली की त्याचा स्फटिक थरथरतो आणि आवाजाच्या लाटा वाटीच्या केंद्राकडे धावतात. वाटेतल्या भागाला फार काही होत नाही, केंद्रात मात्र सगळ्या लाटा एकदम पोचतात. हवेतून आवाज आत शिरत नाही, म्हणून मध्ये जेल किंवा पाणी लागतं.

ठिपक्यावर दोन प्रकारे काम करून घेता येतं :

- उष्णता : लाट थोडी जास्त वेळ चालू ठेवली की ठिपका तापतो आणि तिथलं प्रोटीन शिजतं.
- बुडबुडे : अतिशय छोटे पण अतिशय जोरदार झटके दिले की तापायच्या आत बुडबुड्यांचा ढग तयार होतो आणि पेशींचा लगदा करतो. या पद्धतीला हिस्टोट्रिप्सी म्हणतात. तिचा पाया अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात घातला गेला. यकृतातल्या गाठींसाठी हिस्टोट्रिप्सीच्या मशिनला अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०२३ मध्ये परवानगी दिली.

यकृतात जमतं, मग लेन्समध्ये का नाही? इथे दोन अडचणी आहेत. पहिली गणिताची, दुसरी कचऱ्याची.

पहिली अडचण : ठिपक्याचं गणित

फोकस केलेला ठिपका हवा तेवढा बारीक करता येत नाही. त्याची किमान रुंदी आवाजाच्या तरंगलांबीइतकी असते आणि लांबी त्याच्या कितीतरी पट. आकार बाजरीच्या दाण्यासारखा लांबट. शरीरात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १५४० मीटर धरला आणि वाटी भरपूर रुंद आहे असं मानलं, तर ढोबळ हिशोब असा :

- ४० किलोहर्ट्झ : तरंगलांबी साधारण ३८ मिलिमीटर. अख्खा डोळा मागे-पुढे २४ मिलिमीटर असतो. इथे फोकस करण्याचा प्रश्नच येत नाही.
- १ मेगाहर्ट्झ : ठिपका साधारण १.५ मिलिमीटर रुंद, १० मिलिमीटर लांब. लेन्सची जाडी ४ मिलिमीटर. म्हणजे ठिपका दोन्ही बाजूंनी बाहेर.
- १० मेगाहर्ट्झ : साधारण ०.१५ मिलिमीटर रुंद, १ मिलिमीटर लांब. आता तो लेन्समध्ये मावतो.

मग सरळ १० मेगाहर्ट्झ वापरा की! पण फ्रिक्वेन्सी वाढली की ताणाचा क्षण लहान होत जातो आणि बुडबुड्याला वाढायला वेळच मिळत नाही. त्यामुळे बुडबुडा करायला आणखी जोर लावावा लागतो. शिवाय जास्त फ्रिक्वेन्सीचा आवाज वाटेतच जास्त शोषला जातो, म्हणजे उष्णता वाढते. १ मेगाहर्ट्झला पाण्यात किंवा पाणीदार पेशीजालात बुडबुड्यांचा ढग खात्रीने तयार करायला साधारण २६ ते ३० मेगापास्कल ताण लागतो. वातावरणाचा दाब ०.१ मेगापास्कल असतो, म्हणजे हा आकडा जवळपास ३०० पट झाला.

थोडक्यात, बारीक ठिपका हवा तर फ्रिक्वेन्सी वाढवा, सहज बुडबुडा हवा तर कमी करा. दोन्ही एकदम मिळत नाही. आणि ठिपक्याच्या मागे चार मायक्रॉनची कॅप्सूल आहे, तिच्यामागे डोळ्याचा पडदा. यकृतात एक-दोन मिलिमीटर इकडे-तिकडे झालं तर शरीर सांभाळून घेतं. इथे एक मिलिमीटर म्हणजे लेन्सचा चौथा हिस्सा.

दुसरी अडचण : फोडलं, पण कचरा कुठे जाणार?

समजा, गणित जमलं. ठिपका बरोबर लेन्समध्ये, बुडबुडे बरोबर हवे तिथे. लेन्सचा लगदा झाला. पुढे काय?

यकृतात हिस्टोट्रिप्सी केल्यावर उरलेला लगदा रक्तातल्या पेशी येऊन हळूहळू साफ करतात. काही आठवड्यांत ती जागा आक्रसते. लेन्समध्ये रक्तच नाही. बंद पिशवीत लगदा तसाच राहतो आणि लगदा पारदर्शक नसतो. म्हणजे धुरकट लेन्स जाऊन तिच्या जागी आणखी धुरकट लगदा आला. मोबाइलवर फाइल डिलीट केली, पण ट्रॅश रिकामी करायची सोयच नाही, असा प्रकार.

बरं, कॅप्सूल फाटली तर लगदा आपोआप बाहेर पडेल ना? पडेल, आणि तेच जास्त धोकादायक. लेन्सचं प्रोटीन जन्माआधीपासून पिशवीत बंद असतं. ते डोळ्यात सांडलं की तिथे तीव्र सूज येऊ शकते. प्रोटीन आणि ते गिळायला आलेल्या पेशी डोळ्यातल्या पाण्याचा निचरा तुंबवतात, दाब चढतो आणि डोळ्याची नस खराब होते. फार पिकलेला मोतीबिंदू आपोआप झिरपायला लागला तरी हेच होतं. म्हणूनच ‘पिकू द्या, मग बघू’ हा जुना सल्ला आजचे डॉक्टर देत नाहीत.

तिसरी गोष्ट : जुनी लेन्स गेली तर तिच्या जागी नवी कुणी बसवायची? लेन्स नसलेला डोळा फोकस करू शकत नाही. कृत्रिम लेन्स आत घालायला छेद लागतोच. १९४९ मध्ये लंडनमध्ये हॅरोल्ड रिडली यांनी पहिली कृत्रिम लेन्स बसवली, तेव्हापासून मोतीबिंदूच्या उपचारात काढणं आणि बसवणं ही जोडी आहे. ‘छेद नको’ म्हणणारी जाहिरात बसवण्याबद्दल काहीच बोलत नाही, हे लक्षात घ्या.

मग ऑपरेशनमध्ये अल्ट्रासाऊंड वापरतात, ते काय?

आता एक गंमत. आपल्याकडे ‘आजोबांचं लेझरने ऑपरेशन झालं’ असं सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा ते लेझर नसतं, आवाज असतो. ‘बिनटाक्याचं ऑपरेशन’ म्हणून जाहिरात होते त्यातलं मोठं प्रमाण फेकोचं. पूर्ण नाव फेकोइमल्सिफिकेशन.

न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन दातांच्या डॉक्टरकडे बसले असताना दात साफ करायचं अल्ट्रासॉनिक हत्यार त्यांनी पाहिलं आणि त्यांना कल्पना सुचली. दाताला धक्का न लावता दातावरचा थर निघतो, तर डोळ्याला धक्का न लावता लेन्स का निघणार नाही? १९६७ मध्ये त्यांनी ही पद्धत मांडली.

फेकोमध्ये टायटॅनियमची साधारण एक मिलिमीटर जाडीची पोकळ सुई असते. ती सेकंदाला साधारण ४०,००० वेळा पुढे-मागे हलते. छेद दोन ते तीन मिलिमीटरचा. सुई लेन्सला टेकवून तुकडे करतात आणि त्याच सुईतून लगेच ओढून घेतात. दुसरीकडून सलाईनसारखं द्रव आत येत राहतं, म्हणजे डोळा बसत नाही. शेवटी घडी घातलेली कृत्रिम लेन्स त्याच छेदातून आत जाऊन उलगडते.

वरची यादी आठवा. ४० किलोहर्ट्झला तरंगलांबी डोळ्यापेक्षा मोठी असते, म्हणून इथे बाहेरून फोकस करणं शक्यच नाही. केलमन यांनी तो प्रश्नच टाळला. आवाज बाहेरून पाठवण्याऐवजी सुईच आत नेली आणि फोडायच्या जागीच शोषायची नळी ठेवली. फेकोची खरी हुशारी त्या नळीत आहे.

सुईच्या टोकाशी कॅव्हिटेशनचे बुडबुडेही होतात. लेन्स बुडबुड्यांनी फुटते की सुईच्या ठोक्यांनी, यावर बरीच वर्षं वाद चालला. २००८ मधल्या एका प्रयोगात आजूबाजूचा दाब वाढवून बुडबुडे बंद केले, तरी लेन्स तशीच फुटत राहिली. म्हणजे मुख्य काम छिन्नी-हातोड्यासारख्या ठोक्यांचं. उलट बुडबुडे कोसळताना पाण्यातून तयार होणारे क्रियाशील कण पारपटलाच्या आतल्या पेशींना त्रास देऊ शकतात आणि या पेशी पुन्हा तयार होत नाहीत. म्हणून सर्जन ऑपरेशनच्या वेळी आत घट्टसर जेल सोडतात आणि अल्ट्रासाऊंड कमीत कमी वेळ चालवतात.

लेन्समध्ये बुडबुडे मुद्दाम करतात, पण प्रकाशाने

लेन्सच्या आत ठरवून बुडबुडा करण्याचं तंत्र मात्र खरोखर वापरात आहे. फक्त तिथे आवाज नाही, फेम्टोसेकंद लेझर असतो. बुडापेस्टमध्ये झोल्टान नागी यांनी २००८ मध्ये मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी तो पहिल्यांदा माणसावर वापरला.

लेझरचा झटका इतका छोटा असतो की ठिपक्यावर क्षणात प्लाझ्मा होतो आणि सूक्ष्म बुडबुडा फुगतो. असे हजारो बुडबुडे ओळीने लावले की लेन्समध्ये काप पडतो. प्रकाशाची तरंगलांबी मायक्रॉनच्या आसपास असते, म्हणून ठिपकाही तेवढाच बारीक. आवाजाला जे गणित जमत नाही ते प्रकाशाला जमतं.

पण कचऱ्याचा प्रश्न इथेही सुटलेला नाही. लेझरने तुकडे केल्यावरही ते ओढून काढायला छेद आणि नळी लागतेच. आणि बुडबुड्यांचा वायू कुठे जाणार, हाही प्रश्न असतो. सुरुवातीच्या काळात काही रुग्णांत लेन्समागे वायू अडकून कॅप्सूल फाटली आणि लेन्सचा गाभा डोळ्यात मागे पडला. त्यानंतर सर्जन आधी वायू बाहेर काढून मगच पुढचं काम करायला लागले. बंद पिशवीत बुडबुडा करताना त्याला वाट ठेवावी लागते, हा धडा तिथून मिळाला.

संशोधनात आणखी एक वाट आहे. चाळिशी लागते, म्हणजे जवळचं वाचायला चष्मा लागतो, कारण लेन्स कडक होते. लेन्स न काढता आत बारीक बुडबुड्यांनी सूक्ष्म फटी पाडून ती पुन्हा लवचीक करता येईल का, यावर काम झालंय. लेझरने लेन्समध्ये एक बुडबुडा करायचा, मग अल्ट्रासाऊंडने त्याला हळूच ढकलून तो किती सरकतो ते मोजायचं आणि त्यावरून लेन्सचा कडकपणा काढायचा, असेही प्रयोग मिशिगनमध्ये झाले. हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, दवाखान्यातलं नाही.

डोळ्यात फोकस्ड अल्ट्रासाऊंड खरंच कुठे वापरतात?

काचबिंदूत. तिथे डोळ्यात पाणी तयार करणारा भाग लेन्सच्या कडेला गोलाकार असतो. डोळ्यावर एक रिंग ठेवतात, तिच्यात सहा छोटे ट्रान्सड्यूसर असतात, फ्रिक्वेन्सी साधारण २१ मेगाहर्ट्झ. ते त्या भागाचे काही ठिपके तापवतात, पाणी कमी तयार होतं आणि दाब उतरतो.

इथली डिझाइन बघण्यासारखी आहे. बारीक ठिपक्यासाठी फ्रिक्वेन्सी खूप वरची घेतली, बुडबुड्यांऐवजी उष्णता वापरली, रिंगमुळे निशाणा लेन्सच्या बाहेर ठेवला आणि काढून टाकण्यासारखा कचराही होत नाही. तंत्र तेच, पण ज्या कामाला ते बसतं तिथेच वापरलं.

उलट बाजू : पापणीवरचं हायफू

आता दुसऱ्या जाहिरातीकडे येऊ. हायफू म्हणजे जोरदार फोकस्ड अल्ट्रासाऊंड. सौंदर्य उपचारात त्याची कार्ट्रिज साधारण १.५, ३ आणि ४.५ मिलिमीटर खोलीची मिळतात. त्या खोलीवर त्वचेखालचा ठिपका ६० ते ७० अंशांपर्यंत तापतो आणि त्वचा आक्रसते. गालावर किंवा हनुवटीखाली त्या खोलीवर चरबी आणि स्नायूंचं आवरण असतं.

बंद पापणीवर त्या खोलीवर काय असतं? पापणी साधारण २ मिलिमीटर, पारपटल अर्धा मिलिमीटर, त्यामागचं पाणी साधारण ३ मिलिमीटर आणि मग लेन्स. म्हणजे लेन्सचा पुढचा पृष्ठभाग पापणीपासून साधारण ५ ते ६ मिलिमीटरवर. हँडपीस थोडा दाबून धरला की ४.५ मिलिमीटरचा लांबट ठिपका तिच्या तोंडाशी येतो.

जनावरांवरच्या प्रयोगांतून हे फार पूर्वीच माहीत होतं. फोकस्ड अल्ट्रासाऊंडने लेन्स पांढरी होते हे १९५० च्या दशकातच दिसलं होतं. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कच्या संशोधकांनी सशांच्या डोळ्यांवर किती जोर, किती वेळ दिला की मोतीबिंदू होतो याचं मोजमाप केलं. आता तोच परिणाम सलूनमधून आलेल्या माणसांत दिसतोय. पापणीभोवती हायफू केल्यावर नजर धुरकट झाली, तपासल्यावर लेन्समध्ये ठिपके किंवा रेषा आढळल्या, असे अहवाल प्रसिद्ध झालेत. जपानमध्ये ग्राहक-सुरक्षा तपास आयोगाने २०२३ मध्ये सौंदर्य-हायफूच्या अपघातांवर अहवाल काढला. त्यात भाजणं आणि मज्जातंतूंना इजा यांबरोबर मोतीबिंदूचाही उल्लेख होता. २०२४ मध्ये तिथल्या आरोग्य मंत्रालयाने हे काम डॉक्टरांनीच करायचं असं स्पष्ट केलं.

आणि लेन्समध्ये नसा नाहीत हे आठवतंय ना? त्वचेला चटका बसला तर तुम्ही ‘आई गं’ म्हणाल आणि मशिन थांबेल. लेन्सवर ठिपका पडला तर दुखून कळणार नाही. कळेल ते काही तासांनी किंवा दिवसांनी, समोरचा दिवा फुटलेला दिसायला लागल्यावर.

मग डोळ्याची सोनोग्राफी सुरक्षित असते का?

हो, मशिन डोळ्याच्या सेटिंगवर असेल तर. तपासणीच्या सोनोग्राफीत स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘एमआय’ असा आकडा दिसतो. हा मेकॅनिकल इंडेक्स. लाटेतला सर्वांत मोठा ताण मेगापास्कलमध्ये घ्या आणि फ्रिक्वेन्सीच्या वर्गमुळाने भागा, झाला एमआय. बुडबुडा होण्याची शक्यता किती, याचा तो अंदाज.

एफडीएच्या नियमांत साधारण तपासणीसाठी एमआयची मर्यादा १.९ आहे. डोळ्यासाठी ती ०.२३, म्हणजे आठपट कडक. सरासरी तीव्रतेची मर्यादाही इतर अवयवांना चौरस सेंटिमीटरमागे ७२० मिलिवॅट आणि डोळ्याला ५० मिलिवॅट. उदाहरण घ्या : १० मेगाहर्ट्झच्या प्रोबने ०.२३ च्या आत राहायचं तर ताण साधारण ०.७ मेगापास्कलपर्यंतच ठेवावा लागतो. हिस्टोट्रिप्सीचे २६ ते ३० मेगापास्कल आठवा. फरक जवळपास चाळीस पटींचा आहे.

हल्ली फोनला जोडायचे सोनोग्राफी प्रोबही मिळतात. मेडिकलला असलेल्या मित्रांनो, पोटाच्या प्रीसेटवर डोळा बघायचा मोह टाळा. चित्र दिसेल, पण मर्यादा पोटाची लागू झालेली असेल.

नेहमीचे प्रश्न

फोनमधला अल्ट्रासॉनिक फिंगरप्रिंट सेन्सर डोळ्याला धोकादायक आहे का?
नाही. त्याची ऊर्जा अगदी थोडी असते आणि मध्ये हवा आली की जवळपास सगळा आवाज परत फिरतो. याच कारणाने चष्मा साफ करायच्या टबाजवळ उभं राहिल्यानेही डोळ्यात बुडबुडे होत नाहीत.

फिजिओथेरपीचं अल्ट्रासाऊंड डोळ्याजवळ चालतं का?
डोळ्यावर ते वापरत नाहीत. रक्तप्रवाह नसल्याने लेन्स स्वतःला थंड करू शकत नाही.

थेंब टाकून मोतीबिंदू विरघळतो का?
आजच्या घडीला असे मान्यताप्राप्त थेंब नाहीत.

शिबिरातलं ऑपरेशन फेकोचं नसेल तर ते कमी दर्जाचं का?
नाही. भारतात अनेक ठिकाणी छोट्या छेदाची हाताने करायची पद्धत वापरतात. त्यात अल्ट्रासाऊंड नसतं, लेन्स अखंड बाहेर काढतात. फार कडक झालेल्या मोतीबिंदूत ती चांगला निकाल देते.

ऑपरेशननंतर ‘लेझरने साफ केलं’ म्हणतात, ते काय?
काही महिन्यांनी किंवा वर्षांनी मागची कॅप्सूल धुरकट होते. याग लेझरने तिच्यात छोटी खिडकी पाडतात. तिथेही ठिपक्यावर सूक्ष्म स्फोट आणि बुडबुडा होतो. कॅप्सूल पातळ असल्याने कचरा जवळपास नसतोच, म्हणून छेद लागत नाही.

हायफू करायचंच असेल तर?
पापणीवर आणि डोळ्याच्या खोबणीच्या हाडाच्या आत करू देऊ नका. कोण करणार, ते डॉक्टर आहेत का, कोणत्या खोलीचं कार्ट्रिज लावणार, हे आधी विचारा. नंतर नजर धुरकट वाटली, दिव्याभोवती वलयं दिसली किंवा डोळा दुखला तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि हायफू केल्याचं सांगा. ते सांगितलं नाही तर तरुण डोळ्यातल्या मोतीबिंदूचं कारण शोधण्यात वेळ जातो.

जाहिरात पाहताना तीन प्रश्न

‘आवाजाने मोतीबिंदू गायब’ असं कुणी म्हणालं तर तीनच प्रश्न विचारा. फोडलेली लेन्स बाहेर कुठून निघणार? नवी लेन्स कुठून बसवणार? आणि मागची कॅप्सूल कशी वाचवणार? फेकोकडे या तिन्हींची उत्तरं आहेत, म्हणून त्याला दोन-तीन मिलिमीटरचा छेद लागतो. घरात कुणाला मोतीबिंदू असेल तर अशा व्हिडिओच्या नादात तपासणी लांबवू नका. तो लेख किंवा रील फॉरवर्ड करण्याआधी त्यांची डोळ्यांच्या डॉक्टरची अपॉइंटमेंट घ्या.